दोन इंचांचा रुबाब

जुन्या जीपचं शेकल झिजलं की नांदेड-लातूरच्या गॅरेजांत मालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो. तेच बारकं शेकल परत कशाला बसवता मालक, दोन इंच लांब करून घ्या. लेथवर तासाभरात होतंय, गाडी उंच होईल, रुबाब येईल, आणि बोल्ट असा आवळून देतो की पुन्हा खडखड ऐकू येणार नाही. सल्ला देणारा लबाड नसतो. उलट गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचवून त्याला दोन इंच जास्तीचे दिल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर असतं. पण या सल्ल्याच्या पोटात तीन समजुती आहेत. शेकल म्हणजे पाटा आणि चेसिस यांना जोडणारा लोखंडाचा एक तुकडा, ही पहिली. तुकडा लांब केला तर फक्त उंची वाढते, बाकी सगळं जागच्या जागी राहतं, ही दुसरी. आणि जोड जितका घट्ट तितका मजबूत, ही तिसरी. तिन्ही चुकीच्या आहेत, आणि पुढच्या दोन चुका पहिलीच्या पोटी जन्मलेल्या आहेत. शेकल जोडण्यासाठी आहे असं एकदा मानलं की ते लांब करायला आणि घट्ट करायला कुणाचीच हरकत उरत नाही. ते हलण्यासाठी आहे हे लक्षात घेतलं, तर दोन्हींना हरकत आहे.

आधी गाडी कोणती ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचे आकडे तिचे आहेत. महिंद्राने विलीस जीपची जुळणी मुंबईत १९४०च्या दशकाच्या शेवटी सुरू केली. ज्या सीजे-३बी मॉडेलला आपल्याकडे नुसतं ‘जीप’ म्हणतात ते अमेरिकेत १९५३ मध्ये आलं आणि १९६८ मध्ये तिथं बंद झालं. इथं मात्र त्याच सांगाड्यावर, इंजिनं आणि नावं बदलत, महिंद्रा पुढं कित्येक वर्षं जीपा काढत राहिली. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, म्हणजे या भागातल्या काही जीपा जिल्ह्याहून वयाने मोठ्या आहेत. तहसील, बांधकाम, आरोग्य अशा खात्यांतून लिलावात निघालेल्या, नंतर काळी-पिवळी म्हणून धावलेल्या आणि आता हौसेखातर पुन्हा उभ्या केल्या जाणाऱ्या या गाड्या. जबलपूरच्या वाहन कारखान्यातून लष्करासाठी बनलेल्या निस्सान जोंगा आणि वन-टन ट्रकही त्यांच्याच पंगतीतले. पुढं-मागं सलग धुरा, चारी कोपऱ्यांना पाटे आणि प्रत्येक पाट्याच्या एका टोकाला शेकल, ही रचना सगळ्यांची सारखी.

पाटा हा बाकदार असतो. वरून वजन आलं की तो सपाट होऊ लागतो, आणि सपाट होताना लांबतो. म्हणजे पोलाद ताणलं जात नाही, पण दोन टोकांना वळवून केलेल्या डोळ्यांमधलं सरळ अंतर वाढतं. हे अंतर किरकोळ नसतं. सीजे-३बीचा पुढचा पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत सुमारे ३६ इंच भरतो. अशा पाट्याला ३ इंच बाक असेल आणि खड्ड्यात तो पुरता सपाट झाला, तर भूमितीच्या साध्या हिशेबाने अंतर सुमारे दोन-तृतीयांश इंचाने वाढतं, म्हणजे जवळपास १७ मिलिमीटर. पाट्याचं एक टोक चेसिसला कायमचं खिळलेलं असतं. मग हे १७ मिलिमीटर जायचे कुठं? ते जातात शेकलमध्ये. शेकल वरच्या पिनवर झोक्यासारखं मागं-पुढं होतं आणि पाट्याला लांबायला-आखडायला वाट देतं. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याला, दिवसातून हजारो वेळा. ज्या दिवशी हा झोका अडकतो त्या दिवसापासून पाटा लांबू पाहतो आणि त्याला जागा मिळत नाही. तो ताण मुख्य पाट्याच्या वळलेल्या टोकावर, डोळ्याच्या मुळाशी, साचत जातो.

घट्ट म्हणजे मजबूत या समजुतीचं उत्तर तर जीप बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवलं आहे. जुन्या जीपचं शेकल इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं, त्याच्या दोन्ही पायांवर आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर षटकोनी डोक्याचे बुश चढवायचे. बुश चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये आणि पाट्याच्या डोळ्यात घट्ट बसतो; फिरतं ते शेकल, बुशच्या आतल्या आट्यांवर, ग्रीसच्या पातळ थरावर. म्हणजे इथं आटे आवळण्यासाठी नाहीतच, ते बिजागरीचं काम करतात. जीपच्या दुरुस्तीपुस्तकात बसवण्याची रीत अशी आहे की वरचा आणि खालचा बुश आळीपाळीने थोडाथोडा फिरवत न्यायचा. वरच्याचं डोकं ब्रॅकेटला टेकवायचं, पण खालच्याचं डोकं आणि पाट्याचा डोळा यांच्यामध्ये सुमारे एक-बत्तिसांश इंच फट ठेवायची. पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मग ग्रीस भरायचं आणि शेकल मोकळं हलतं का ते बघायचं. हलत नसेल तर बुश काढून पुन्हा चढवायचा, कारण आखडलेलं शेकल पाटा मोडतं, हे त्याच पुस्तकात स्पष्ट आहे. आपल्याकडे हीच पाऊण मिलिमीटरची फट मिस्त्रीला ‘राहून गेलेली’ वाटते, आणि तो पान्यावर पाइप चढवून ती बंद करतो. शिवाय काही शेकलांचे आटे उलटे असतात आणि ते ओळखण्यासाठी त्यांच्यावर वेगळी खूण ठेवलेली असते. ती न बघता सुलट्या आट्यांचा बुश उलट्यावर जोराने चढवला की तो बसतो खरा, पण दोघांचे आटे चावून बसतो. बाहेरून काम झकास दिसतं. आतून झोका मेलेला असतो.

आता लांबीकडे येऊ, कारण मोह तिचाच मोठा आहे. पहिली गोष्ट हिशेबाची. धुरा पाट्याच्या साधारण मध्यावर असतो आणि लांब शेकल एकाच टोकाला लागतं, म्हणून २ इंच लांब शेकलने गाडी २ इंच नाही, १ इंच उचलली जाते. निम्मा रुबाब इथंच गेला. दुसरी गोष्ट गंभीर आहे. या जीपच्या पुढच्या पाट्याचं शेकल पुढच्या टोकाला असतं. तिथं २ इंच वाढवले की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने खाली जातं आणि पाट्यावर बसलेला धुरा त्याच्याबरोबर पुढं झुकतो. किती? ३६ इंचांच्या पाट्याचं एक टोक २ इंच खाली म्हणजे तीन अंशांहून थोडं जास्त. आणि जीप बनवताना पुढच्या चाकांना दिलेला कॅस्टर किती? ३ अंश. कॅस्टर म्हणजे काय ते सायकलच्या पुढच्या चिमट्यावरून कळतं. चिमट्याचा दांडा वरून मागं कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते आणि वळलेलं चाक आपणहून परत सरळ होऊ बघतं. चिमटा उभा करून टाका, सायकल भरकटते. जीपच्या धुऱ्यालाही बनवणाऱ्याने असाच कल दिला होता, तीन अंशांचा, आणि लेथवरच्या तासाभराच्या कामाने तो अख्खा पुसला गेला. नंतर मालक तक्रार घेऊन येतो की ६०-७० च्या पुढं स्टिअरिंग झडतं, गाडी रस्त्यावर नाचते. मग किंगपिन बदलले जातात, स्टिअरिंग बॉक्स उघडला जातो, टायर अदलाबदल होतात. शेकलकडे कुणी बघत नाही, कारण ते तर नवंकोरं आहे.

यावर पहिला आणि सगळ्यात भावनिक आक्षेप रस्त्यांचा. हे मुंबई-पुण्यात बसून ठीक आहे, मराठवाड्यात गाडी उंच लागते. पावसाळ्यात काळ्या रानात उतरून बघा मग कळेल. काळ्या रानाचा मुद्दा खरा आहे, आणि तोच लांब शेकलच्या विरुद्ध जातो. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या चाकोऱ्या खोल पाडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. त्या उंचवट्याला जीपचं काय अडकतं? चेसिस नाही. अडकतो तो धुऱ्यावरचा डिफरन्शियलचा गोळा. सलग धुऱ्याच्या गाडीत हा गोळा जमिनीपासून किती उंच असेल हे फक्त चाकाच्या उंचीवर ठरतं. शेकल दोन इंच लांब करा नाही तर फूटभर, गोळा होता तिथंच राहतो, एक सुतानेही वर येत नाही. वर जातं ते फक्त चेसिस, बॉडी आणि त्यात बसलेली माणसं. म्हणजे चिखलात अडकायची ती गाडी अडकतेच, फक्त अडकलेली असताना जरा उंच दिसते. उलट या जीपची दोन चाकांमधली रुंदी जेमतेम ४८ इंच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच. इतक्या अरुंद, आखूड गाडीचं वजन वर नेणं म्हणजे बांधावरून तिरकं उतरताना ती कलंडण्याची शक्यता वाढवणं. (तशीही सीजे-३बीला इंजिनाच्या उंचीपायी बॉनेट मुळातच उंच मिळालं आहे. नाक वर करून चालायची तिला जन्मखोड आहे. आणखी मदत लागत नाही.) आणि रस्ते म्हणाल तर तेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यावर हीच जीप ताशी सत्तरने हाकण्याचा मोह होतो. रानात शेकलची जादा लांबी निरुपयोगी, आणि महामार्गावर कॅस्टर गेलेली गाडी धोक्याची.

दुसरा आक्षेप जास्त जाणकार माणसाकडून येतो. कॅस्टर गेला तर पाट्याखाली पाचर घालून तो परत आणता येतो की. येतो, हे मान्य केलंच पाहिजे. धुरा आणि पाटा यांच्यामध्ये योग्य कोनाची पोलादी पाचर बसवली, यू-बोल्ट त्या मानाने घेतले, स्टिअरिंगचे दांडे आणि प्रोपेलर शाफ्ट कोणत्या कोनात आले ते तपासलं, तर गाडी नीट चालू शकते. खडकाळ शर्यतींसाठी जीपा बांधणारे हे करतात. पण लांब शेकलचा सल्ला ‘तासाभरात, स्वस्तात’ म्हणून दिला जातो, त्यात ही पाचर कधीच नसते. आणि ती घातली तर एका इंचाच्या उंचीसाठी इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न उरतोच. त्यातून उंची हवी वाटण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. पाटे बसलेले असतात. मुळात पेट्रोल इंजिनासाठी योजलेल्या पुढच्या पाट्यांवर नंतर कुणी तरी जड डिझेल इंजिन चढवलेलं असतं, वर्षानुवर्षं ते ओझं वाहून त्यांचा बाक गेलेला असतो, आणि गाडी नाकाने खाली आलेली असते. तिचा इलाज पाटेवाल्याकडे आहे: पाट्यांना पुन्हा बाक देणं, थकलेला पाटा बदलणं, वजनाप्रमाणे एखादा वाढवणं. बसलेल्या पाट्याला लांब शेकल लावणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला उंच टाचेचे जोडे देणं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: मूळ शेकल मिळतं कुठं? हा आक्षेप दहा-वीस वर्षांपूर्वी असेल त्यापेक्षा आज कमकुवत आहे. महिंद्राने ही जीप इतकी वर्षं काढली की तिचे भाग बनवणारे कारखाने देशात टिकून राहिले. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या विलीस उभ्या करणारे हौशी लोकसुद्धा भारतीय बनावटीचे भाग मागवतात. दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत विचारलं तर यू शेकल, बुश, सील असा संच मिळण्याची शक्यता बरीच आहे. माल निवडून घ्यावा लागतो हे खरं. आटे ढिले, डोकी वाकडी असा मालही त्याच डब्यांतून येतो, म्हणून विकत घेण्याआधी बुश शेकलवर हाताने फिरवून बघावा. तरीही नाहीच मिळालं, तर लेथवाल्याशी माझं भांडण नाही. नांदेड आणि लातूरच्या औद्योगिक वसाहतींत असे टर्नर आहेत की ज्यांना माप नीट सांगितलं तर ते मूळच्या तोडीचं काम देतील. गोष्ट मापाची आहे. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मूळ शेकलइतकंच हवं, आणि ते झिजून लांबट झालेल्या भोकांवरून घ्यायचं नाही. दोन पट्ट्यांचं शेकल करायचं तर पट्ट्यांमध्ये आडवा तुकडा हवा, नाही तर वळणावर ते बाजूला झुलतं. डावं-उजवं एकाच मापाचं, जोडीनेच बदललेलं हवं. टर्नर हे सगळं करतो; त्याला ‘दोन इंच जास्त ठेव’ असं सांगणारा दुसराच कुणी तरी असतो.

कायद्याचा मुद्दा मी थोडक्यातच घेतो, कारण त्याच्या जोरावर वाद जिंकणं मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. शेकलचं नाव त्यात कुठं नाही, आणि एम.एच.-२४ किंवा एम.एच.-२६ ची पाटी असलेली जीप निव्वळ शेकलपायी कुणी अडवेल असंही नाही. पण २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची वेगळी नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. लांब शेकल चेसिसला घासतं म्हणून ब्रॅकेट कापून खाली वेल्ड करण्याचा प्रकार सर्रास होतो. जो मालक पुढं व्हिंटेजचा दाखला मागणार आहे त्याने गॅसकटर पेटण्याआधी हे आठवलेलं बरं.

बसवण्याच्या कामातही चुकीची जागा ठरलेली आहे. जॅक धुऱ्याखाली न लावता चेसिस उचलून स्टँडवर घ्यावी, म्हणजे पाटा मोकळा लोंबतो आणि शेकलवर ओढ राहत नाही. मग धुरा दुसऱ्या जॅकने हळूहळू वर-खाली करत भोकं जुळवावीत, पहारीने नव्हे. जाम झालेला बुश निघत नाही म्हणून पाट्याच्या डोळ्यावर गॅसची ज्योत धरणं हा तर गुन्हाच म्हणायचा. पाट्याचं पोलाद पाणी देऊन कमावलेलं असतं. लाल झालं की ते पाणी उतरतं आणि उरतं ते साधं लोखंड. आट्यांच्या बुशला ग्रीस हे जेवण आहे, दर काही दिवसांनी, आणि चिखलात गेल्यावर लगेच. पण नंतरच्या काही गाड्यांत रबरी बुश असतात, आणि तिथं रीत उलटी होते. रबराला खनिज तेलाचं ग्रीस लावलं की ते फुगतं आणि सडतं. आणि रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, पाट्यावर वजन आल्यावरच शेवटचा आवळायचा. लोंबत्या पाट्यावर आवळला तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहून फाटतं. ‘सगळ्याला ग्रीस मारून, सगळं आवळून टाक’ ही एकच आज्ञा दोन्ही प्रकारांना दिली, तर दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने मरतात.

शेवटचा आक्षेप उरतो, आणि त्याला उत्तर देणं सगळ्यांत अवघड, कारण तो आकड्यांचा नसून माणसाचा आहे. उस्ताद चाळीस वर्षं असंच करत आलेत, कुठं काय झालं? झालं बरंच. पण मोजणी अशी की पाटा टिकला तर उस्तादाचा हात, आणि मोडला तर रस्त्याचा खड्डा. या मोजणीत उस्ताद कधी हरूच शकत नाही. सुदैवाने मोडलेला पाटा स्वतः साक्ष देतो, आणि ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. काप उजेडात धरावा. एका दणक्यात तुटलेल्या पाट्याचा काप सगळा एकसारखा, ताजा, दाणेदार दिसतो. महिनोन् महिने आतून चिरत गेलेल्याचा काप दुरंगी असतो. एक भाग गंजून काळपट आणि घासून गुळगुळीत झालेला, उरलेलाच तेवढा चकचकीत. काळा भाग त्या खड्ड्याच्या कितीतरी आधीचा आहे. खड्ड्याने फक्त उरलेला भाग तोडला. मग तो कुठं तुटला ते बघावं. मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून गेला असेल, तर संशय ढिल्या यू-बोल्टवर. डोळ्याजवळ गेला असेल, तर नवा पाटा चढवण्याआधी जुनं शेकल हातात धरून हलवावं, आणि ते हलत नसेल तर मोडका पाटा भंगारात न देता त्या उस्तादासमोर ठेवावा.